राज्यपाल मोठे की मुख्यमंत्री? आधी बहुमत मोजा

पेठ तालुक्यातून नाशिकला एमपीएससीच्या तयारीसाठी आलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे: ‘पुस्तकात लिहिलंय की राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. बातम्यांत मात्र मुख्यमंत्रीच दिसतात. मग खरा अधिकार कोणाचा? आणि महाराष्ट्रात आजवर एखाद्या राज्यपालाने खरोखर काही ठरवलंय, की नुसत्या सह्याच केल्या?’

माझी नोकरी आधी मंत्रालयात आणि नंतर नाशिकला आदिवासी विकास विभागात गेली. आता निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत राज्यघटना शिकवतो. त्यामुळे पुस्तकातला राज्यपाल आणि फायलीतला राज्यपाल असे दोघेही माझ्या ओळखीचे आहेत. उत्तर आधीच सांगून टाकतो. मुख्यमंत्र्यांचं बहुमत जितकं पक्कं, तितके राज्यपाल सहीपुरते. ते बहुमत डगमगलं की त्याच राजभवनाला एका रात्रीत वजन येतं. याला दोन-तीन अपवाद आहेत आणि ते मुंबईत बसून फारसे जाणवत नाहीत. सुरगाण्यात, पेठेत, कळवणला चांगले जाणवतात.

आधी ‘नावाने’ म्हणजे काय ते बघ. कुठलाही शासन निर्णय उघड. शाळेच्या पटसंख्येचा असो की बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा, मजकूर संपला की एक ठरलेली ओळ येते: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.’ त्याखाली सही असते उपसचिवाची, अवर सचिवाची, कधी कक्ष अधिकाऱ्याची. आणखी खाली ‘प्रत’ अशी लांबलचक यादी येते आणि महत्त्वाचा निर्णय असेल तर तिच्यात वरच्या बाजूलाच राज्यपालांच्या सचिवांचं नाव दिसतं. म्हणजे आदेश ज्यांच्या नावाने निघाला, त्यांनाच तो निघाल्यावर माहितीसाठी पाठवला जातो. मंत्रालयात नवीन लागलेल्या माणसाला ही यादी पहिल्यांदा टाइप करताना हसू येतं. पुढे सवय होते.

यात लबाडी काही नाही, घटनेचीच ती रचना आहे. कलम १५४ कार्यकारी सत्ता राज्यपालांकडे ठेवतं, १६३ त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधतं आणि १६६ म्हणतं की आदेश राज्यपालांच्या नावाने काढा आणि काम कोणी कसं करायचं त्याचे नियम करा. ते कार्यनियमावलीचे नियम म्हणजेच खरा कारभार. कार्यासनातून टिपणी उठते, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव करत मंत्र्यांकडे जाते, विषय मोठा असेल तर मुख्यमंत्र्यांकडे किंवा मंत्रिमंडळासमोर. राजभवन या वाटेवर लागतच नाही. १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी यावर शिक्का मारला: घटनेने स्पष्टपणे स्वविवेकावर सोडलेल्या गोष्टी वगळता राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं. बदल्यात मुख्यमंत्र्यांवर कलम १६७ चं एक कर्तव्य आहे, मंत्रिमंडळाचे निर्णय राज्यपालांना कळवायचे आणि त्यांनी माहिती मागितली तर द्यायची. परीक्षेला १६३ सगळे पाठ करतात आणि १६७ विसरतात. राज्यपालांना रोजच्या कारभारात जे काही खरं शस्त्र आहे ते १६७ मध्ये आहे. त्यांनी प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं आणि प्रश्न नेमका असला की सचिवालयात धावपळ होते.

आता ही जोडगोळी आली कुठून? इंग्रजांच्या काळातला मुंबईचा गव्हर्नर हा खराखुरा सत्ताधीश. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळं मिळाली, पण गव्हर्नरचे ‘विशेष अधिकार’ राहिले. १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने काही महिने मंत्रिमंडळं बनवायलाच नकार दिला. त्या मधल्या काळात मुंबई प्रांतात धनजीशा कूपर यांचं औटघटकेचं सरकार होतं. गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असा भरवसा मिळाल्यावरच जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. हो, तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणायचे. आजही राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात जे भांडण होतं त्याचं मूळ या १९३७ च्या वादात आहे: सल्ला बंधनकारक की विशेष अधिकार खरे?

घटना समितीपुढे पहिला बेत राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा असा होता. १९४९ मध्ये तो सोडून दिला. राज्यभरातून निवडून आलेला राज्यपाल आणि आमदारांच्या बहुमतावर उभा असलेला मुख्यमंत्री, दोघेही ‘मला जनतेने निवडलंय’ म्हणणार आणि एकमेकांच्या उरावर बसणार, ही भीती होती. ती रास्त होती. पण त्या भीतीपोटी नेमणूक दिल्लीच्या हातात गेली. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात (कलम १५६) आणि राष्ट्रपतींची मर्जी म्हणजे केंद्र सरकारची. पाच वर्षांची मुदत हा फक्त अंदाज समजायचा. १९९३ मध्ये सी. सुब्रमण्यम यांना पंतप्रधानांविषयीच्या एका शेऱ्यावरून झालेल्या वादात राजभवन सोडावं लागलं. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ केंद्रातलं सरकार बदललं म्हणून राज्यपाल हलवता येणार नाहीत. व्यवहारात बदलीचा कागद पुरतो.

महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यपाल होते श्रीप्रकाश, द्विभाषिक मुंबई राज्यापासूनचे. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. नाशिककरांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९५६ मध्ये द्विभाषिकाचं नेतेपद यशवंतरावांना मिळालं ते आपल्या जिल्ह्यातल्या भाऊसाहेब हिरे यांना हरवून. त्यानंतर आजपर्यंत नाशिक जिल्ह्याला मुख्यमंत्रीपद मिळालेलं नाही. आणि नियतीचा खेळ बघ, १९६२ मध्ये चीनच्या युद्धावेळी यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा त्यांना लोकसभेवर पाठवलं ते नाशिकनेच, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, बिनविरोध. गोवर्धनजवळच्या मुक्त विद्यापीठाला त्यांचं नाव आहे त्यामागे हाही धागा आहे.

यशवंतरावांनंतर मारोतराव कन्नमवार आले. नोव्हेंबर १९६३ मध्ये पदावर असतानाच ते गेले. काही दिवस पी. के. सावंत यांनी काम पाहिलं आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईक आले ते थेट फेब्रुवारी १९७५ पर्यंत. सलग अकरा वर्षांहून जास्त, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. या काळात राजभवनात कोण होतं? विजयालक्ष्मी पंडित, पी. व्ही. चेरियन, अली यावर जंग. महाराष्ट्राच्या आजवरच्या एकमेव महिला राज्यपाल म्हणजे विजयालक्ष्मी पंडित. महिला मुख्यमंत्री तर अजून एकही झालेली नाही. ही माणसं मोठ्या योग्यतेची. तरी त्यांच्या कारकिर्दीतला एखादा राजकीय निर्णय सांग म्हटलं तर जाणत्यालाही सांगता येत नाही. विधानसभेत काँग्रेसचं बहुमत भक्कम, नेता दिल्ली आणि मुंबई मिळून ठरवणार, राज्यपालांनी शपथ द्यायची. माझं सूत्र इथे पहिल्यांदा लागू पडतं: नाईकांचं बहुमत पक्कं होतं, म्हणून राज्यपाल कोणाला आठवत नाहीत.

१९७८ ला चित्र पालटलं. दोन काँग्रेसचं मिळून वसंतदादा पाटलांचं सरकार आलं, त्यात नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, राज्याचे पहिले. नाव नासिकराव असलं तरी माणूस भंडाऱ्याचा. दर वर्षी वर्गात कोणीतरी त्यांना आपल्या जिल्ह्याचं करून टाकतं, म्हणून सांगितलं. आणि उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाहीच. शपथ मंत्र्याची, अधिकार मंत्र्याचे, बाकी सगळा राजकीय मान. आपल्या येवल्याचे छगन भुजबळ या पदावर दोनदा होते. ते सरकार शरद पवारांनी बाहेर पडून पाडलं आणि १८ जुलै १९७८ ला, वयाच्या ३८ व्या वर्षी, ते पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. शपथ दिली राज्यपाल सादिक अली यांनी. पुढे जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी केंद्रात परतल्या आणि १७ फेब्रुवारीला नऊ राज्यांची सरकारं एकदम बरखास्त झाली, त्यात पवारांचंही. विधानसभेत ते हरलेले नव्हते. लोकसभेला लोकांनी दुसरा कौल दिला, एवढंच कारण. जनता पक्षाने १९७७ मध्ये काँग्रेसच्या राज्यांशी हेच केलं होतं, त्यामुळे रडायला कोणाकडेच तोंड नव्हतं. हा प्रकार थांबला तो मार्च १९९४ मध्ये, बोम्मई खटल्याच्या निकालाने. बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तेव्हा पक्कं केलं.

मधला काळ, १९८० ते १९९५, हा मुख्यमंत्री पाठोपाठ बदलण्याचा. अंतुले, बाबासाहेब भोसले, पुन्हा वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, पवार, सुधाकरराव नाईक, पुन्हा पवार. नावं पाठ करायला कंटाळवाणी, पण यातून एक गोष्ट कळते. काँग्रेसला बहुमत होतं, मुख्यमंत्र्याला स्वतःचं नव्हतं. त्यामुळे इथेही राज्यपालांना काम नव्हतं. मुख्यमंत्री जात होता तो पक्षश्रेष्ठींच्या एका फोनवर. त्यातून दोन पदांमधली एक चमत्कारिक ये-जाही सुरू झाली. वसंतदादा मुख्यमंत्रीपद सोडून राजस्थानचे राज्यपाल झाले, सुधाकरराव नाईक हिमाचलचे. सुशीलकुमार शिंदे यांच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये आघाडी पुन्हा निवडून आली, मुख्यमंत्री झाले विलासराव आणि शिंदे गेले आंध्रच्या राजभवनात. उलट बाजूने आपल्याकडे आलेले राज्यपाल बघ: ब्रह्मानंद रेड्डी आंध्रचे, एस. एम. कृष्णा कर्नाटकचे, जमीर नागालँडचे, कोश्यारी उत्तराखंडचे, सगळे माजी मुख्यमंत्री. जिंकलेल्या मुख्यमंत्र्याला बाजूला करायचं तर राजभवन ही सोयीची जागा, ही कुजबुज मंत्रालयात उगाच नव्हती.

याच काळातलं एक प्रकरण मात्र राज्यपालांच्या खऱ्या अधिकाराचं आहे. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना जावं लागलं. त्यांच्यावर खटला भरायला मंजुरी कोणी द्यायची? मुख्यमंत्र्याविरुद्धची मंजुरी त्याच्याच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने देणं हास्यास्पद ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मान्य केलं की अशा वेळी राज्यपाल स्वतःच्या विवेकाने ठरवतील. स्वविवेकाधिकाराचं उदाहरण विचारलं तर सगळे राष्ट्रपती राजवट लिहितात. तू हे लिही.

आता अलीकडचं. इथे थोडा थांबतो, कारण राजभवनाला इतकं वजन महाराष्ट्रात पूर्वी कधी आलं नव्हतं.

२०१९ चा निकाल लागला २४ ऑक्टोबरला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती तुटली आणि २८८ च्या सभागृहात १४५ कोणाकडेच उरले नाहीत. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी आधी भाजपला विचारलं, ते नाही म्हणाले. मग शिवसेनेला, त्यांनी जास्त वेळ मागितला, तो मिळाला नाही. मग राष्ट्रवादीला. त्यांना दिलेली मुदत संपायच्या आतच १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. १९८० आणि २०१४ नंतरची ही तिसरी. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता, पंतप्रधानांना तातडीच्या वेळी असलेल्या नियम १२ खालच्या अधिकारात. लोक दूध आणायला निघाले होते तेव्हा देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. विरोधी पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ तारखेला न्यायालयाने सांगितलं, उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करा. त्याच दिवशी राजीनामे आले. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली.

कोश्यारींच्या वागण्यावर लोक पक्षाप्रमाणे बोलतात. फायली हाताळलेला माणूस म्हणून माझं मत सांगतो. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी केलेल्या गोष्टींना आधार सापडतो. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी, मग पुढच्याला, ही रीत आहे. २३ च्या पहाटेला आधार सापडत नाही. आमदारांच्या सह्यांचं पत्र खरं की कसं, हे तपासायला एक दिवस थांबलं असतं तर राज्यावर आकाश कोसळत नव्हतं. राष्ट्रपती राजवट होतीच की.

ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. कलम १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांत व्हायला हवं. तेवढ्यात करोना आला आणि विधान परिषदेची निवडणूक पुढे गेली. मंत्रिमंडळाने एप्रिल २०२० मध्ये दोनदा शिफारस केली की त्यांना राज्यपालांच्या कोट्यातून नेमा. राजभवनातून होही नाही आणि नाहीही नाही. शेवटी निवडणूक आयोगाने निवडणूक घेतली आणि ते बिनविरोध आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधान परिषदेतल्या राज्यपालनियुक्त १२ जागांसाठी नावं पाठवली गेली आणि तीही तशीच पडून राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, आठ महिने हा पुरेसा काळ आहे, वाजवी वेळेत ठरवायला हवं. तरी हललं नाही. ७ जण नेमले गेले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, राज्यपाल बदललेले, सरकारही बदललेलं.

इथे नीट लक्ष दे. घटनेने राज्यपालांना नाही म्हणायचे अधिकार फार थोडे दिलेत. पण गप्प बसायला घटनेत मुदत लिहिलेली नाही. मंत्रालयात फाईल मारायची असेल तर तिच्यावर प्रतिकूल शेरा कोणी लिहीत नाही, ती ‘चर्चा करावी’ म्हणून ठेवून देतात. तोच प्रकार वरच्या पातळीवर. विधेयकांच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी राज्यपालांना मुदती घालून दिल्या. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपतींच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितलं की न्यायालय अशा मुदती घालू शकत नाही, मात्र राज्यपालांनी अनिश्चित काळ बसून राहणंही चालणार नाही. परीक्षेला हे दोन्ही निकाल लागतील, एकच वाचून जाऊ नकोस.

मग जून २०२२. एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला, तिथून गुवाहाटीला गेले. २८ जूनला राज्यपालांनी ठाकरे यांना ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि २९ च्या रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल आला. पक्षातला वाद हा काही सरकारने बहुमत गमावल्याचा पुरावा नव्हे, म्हणून राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, स्वतःहून गेले, म्हणून त्यांना परत बसवता येत नाही. आणि त्यानंतर शिंदे यांना बोलावणं बरोबर होतं. पहिलं वाक्य एका बाजूने उचललं, शेवटचं दुसऱ्या बाजूने. मला विचारशील तर त्यातला धडा मुख्यमंत्र्यांसाठी आहे: सभागृहात हरायची वेळ आली तरी सभागृहातच हरावं. राजीनाम्यावर न्यायालयाला औषध नाही.

२०२४ ला पुन्हा सगळं उलटं झालं. २३ नोव्हेंबरला निकाल, महायुतीला प्रचंड बहुमत, मुख्यमंत्री कोण यावर दिवस गेले. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती, तेव्हा नाशकातसुद्धा पारावर चर्चा होती की आता आपोआप राष्ट्रपती राजवट लागणार. तशी आपोआप काही लागत नाही. निवडून आलेल्यांची यादी आयोगाने राज्यपालांना दिली की नवी विधानसभा झालेली असते, काळजीवाहू सरकार चालू राहतं. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीस यांचा शपथविधी झाला. त्या दोन आठवड्यांत राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांचं नाव क्वचितच कोणी घेतलं. बहुमत पक्कं होतं ना. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले. आपल्या राजभवनातून त्या पदावर गेलेले ते शंकर दयाळ शर्मा यांच्यानंतरचे दुसरे.

आता अपवादांकडे येतो. तुझ्या तालुक्याचा विषय आहे.

घटनेची पाचवी अनुसूची, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराची. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके पूर्ण आणि दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, नाशिक-त्र्यंबकेश्वर यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात, १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. या क्षेत्रासाठी राज्यपाल साधी अधिसूचना काढून म्हणू शकतात की अमुक कायदा इथे लागू नाही, किंवा एवढ्या फेरफाराने लागू आहे. तो कायदा राज्याचा असो नाहीतर संसदेचा. विधानसभेत न जाता संसदेचा कायदा बदलण्याची ताकद मुख्यमंत्र्यांकडे नाही. राज्यपालांकडे, तुझ्या गावापुरती, आहे.

उदाहरण वनहक्क कायद्याचं घे. वनजमिनीचा दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता. सुरगाण्यातल्या माणसाचा दावा नामंजूर झाला की पुढे उच्च न्यायालय, म्हणजे त्याच्या दृष्टीने पुढे काहीच नाही. मे २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रापुरतं कलम ६ बदललं आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली एक समिती वर आणली. आता अपील नाशिकरोडला विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात करता येतं. सही कोश्यारींची. ज्यांच्या नावाने पहाटेच्या शपथविधीची आठवण काढली जाते, त्यांच्याच नावावर हेही आहे. तुझ्या तालुक्यात कोणता राज्यपाल महत्त्वाचा, याचं उत्तर मुंबईच्या उत्तरापेक्षा वेगळं येणार.

यातही एक मेख आहे. ही अधिसूचना राज्यपाल एकट्याने काढू शकतात का? अनुसूचीची भाषा तशी वाटते, कायदेपंडितांत मतभेद आहेत. व्यवहारात राजभवनात आदिवासी कक्ष आहे, पण मसुदा, आकडे, अभिप्राय सगळं विभागाकडूनच जातं. जनजाती सल्लागार परिषद असते, जास्तीत जास्त २० सदस्यांची, त्यातले तीन चतुर्थांश आदिवासी आमदार, आणि महाराष्ट्रात तिच्या अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री बसतात. म्हणजे राज्यपालांचा स्वतंत्र अधिकार जिथे सर्वांत मोठा, तिथेही सल्ला द्यायला मुख्यमंत्रीच. राज्यपाल जागे असतील तर ते विचारतात, परत पाठवतात, आठवण करून देतात. नसतील तर अनुसूचीनुसार राष्ट्रपतींना पाठवायचा वार्षिक अहवालसुद्धा रेंगाळतो.

दुसरा अपवाद विद्यापीठांचा. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ, दोन्हींचे कुलपती राज्यपाल. इथे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नाही, विद्यापीठ कायद्याखाली कुलपती म्हणून वागतात, कुलगुरू निवडतात. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या सरकारने सार्वजनिक विद्यापीठांच्या कायद्यात बदल करून कुलगुरू निवडीत आपला शब्द घुसवायचा प्रयत्न केला आणि मोठं वादळ झालं. सरकार बदललं आणि ते मागे पडलं.

तिसरा, कलम ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, मंडळं १९९४ मध्ये आली आणि १९९३ ते २००२ राजभवनात राहिलेल्या पी. सी. अलेक्झांडर यांच्या काळापासून सिंचनाच्या पैशांबाबत राज्यपालांचे निर्देश निघू लागले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. नाशिकच्या दृष्टीने यातलं दुखणं वेगळंच: आपण ‘उर्वरित’ मध्ये, म्हणजे सुरगाणा आणि बारामती एकाच टोपलीत. सरासरी काढली की सुरगाण्याची तहान दिसत नाही.

दोन पदांतला फरक पायाखाली बघायचा असेल तर आपल्या जिल्ह्यातले दोन मोर्चे आठव. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, शेतकरी, त्यातले बरेच वनजमीन कसणारे आदिवासी, पायी निघाले आणि १२ तारखेला आझाद मैदानात पोचले. मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाली, मागण्यांवर लेखी आश्वासन मिळालं. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून पुन्हा नाशिकहून जथ्था मुंबईत गेला, या वेळी निवेदन राज्यपालांना द्यायचं होतं. राज्यपाल गोव्यात होते, कारण त्यांच्याकडे गोव्याचाही कार्यभार होता. एकाच व्यक्तीला दोन राज्यांचे राज्यपाल नेमायची सोय १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने केलेली आहे. दोन राज्यांचा एक मुख्यमंत्री असू शकत नाही.

परीक्षेसाठी काही सुटे मुद्दे: राज्यपालांचं किमान वय ३५. मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं नसावं, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून ४३, ही २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीची देणगी. पदावर असताना राज्यपालांवर फौजदारी खटला चालत नाही, मुख्यमंत्र्यावर चालतो.

आणि मुलाखतीत ‘राज्यपालांचा तुमच्या जीवनाशी काय संबंध’ असं विचारलं तर तू पेसा भरती सांग. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा-पंचायतींचा केंद्रीय कायदा. ९ जून २०१४ ला राज्यपाल के. शंकरनारायणन यांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, कृषी सहायक, परिचारिका अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. पुढे ही यादी १७ संवर्गांपर्यंत गेली. अधिसूचना निघाल्यावर अडीच महिन्यांत त्यांची मिझोरामला बदली झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. पण राज्यपाल गेले म्हणून अधिसूचना गेली नाही, ती आजही तिथेच आहे. भरती अडली ती न्यायालयात आणि मंत्रालयात, आणि २०२४ मध्ये त्यासाठी नाशिकला आंदोलनाला बसलेल्या तुझ्याच वयाच्या मुलांनी दाद मागितली ती मुख्यमंत्र्यांकडे. मानधनावर नेमणुका द्यायचा तात्पुरता मार्गही शासनाने तेव्हाच काढला.